बारा वर्षांच्या अनुभवानंतरही पुन्हा कोर्स कशाला?

प्रश्न : माझा मुलगा बारा वर्षं बोटीवर आहे. तरी सुट्टीवर आला की अधूनमधून त्याला जीव वाचवण्याचा आणि आग विझवण्याचा कोर्स पुन्हा करावा लागतो. खर्च आपला, सुट्टीही जाते. हे कशासाठी? – एक वाचक, देवगड

उत्तर : सुट्टीतले दिवस जातात याचं वाईट वाटणारच. पण ही दोन्ही कामं बोटीवर रोज करायची नसतात आणि वेळ आली तर चुकून चालत नाही. बोटीवर दरमहा ड्रिल होतं, पण तिथे धुराने भरलेल्या खोलीत कोणाला सोडता येत नाही, की भर समुद्रात जीवरक्षक तराफा उलटा टाकता येत नाही. किनाऱ्यावरच्या तलावात ते करून घेतात. लाइफजॅकेट घालून उलट्या तराफ्याच्या गॅस सिलिंडरच्या बाजूला जायचं, तिथे पाय रोवून तळाचा पट्टा धरायचा आणि सगळं वजन मागे टाकायचं. तराफा सरळ होतो तो बहुधा अंगावरच. न घाबरता उताणं होऊन त्याच्याखालून निघायचं. हे वाचून येत नाही, आणि पाच वर्षं केलं नाही तर अंगवळणी राहत नाही.

दर पाच वर्षांनी कोर्स पुन्हा करण्याची अट खलाशांच्या प्रशिक्षणाबद्दलच्या एसटीसीडब्ल्यू या आंतरराष्ट्रीय करारातली आहे. करार १९७८ चा. १९९५ मध्ये आणि मग २०१० मध्ये मनिला इथे त्यात मोठे बदल झाले. त्यामागे माणसांचे जीव गेलेले आहेत. १९९० मध्ये ‘स्कँडिनेव्हियन स्टार’ या प्रवासी बोटीला आग लागली आणि १५९ जण दगावले, बहुतेक विषारी धुराने. खलाशी बोटीवर नवे होते, आगीचं ड्रिल झालेलं नव्हतं, आणि प्रवाशांची भाषा अनेकांना येत नव्हती.

हा करार फक्त कोर्सपुरता नाही. मनिलाच्या बदलांनुसार खलाशाला चोवीस तासांत किमान १० आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती हवी. कागदावर हे तास भरले की झालं, असं मानणारे जहाजावर असतात. ते धोक्याचं आहे.

याच करारानुसार १ जानेवारी २०२६ पासून प्राथमिक प्रशिक्षणात छळ, दादागिरी आणि लैंगिक अत्याचार रोखण्याचा भागही आला आहे. हा बदल फार आधी व्हायला हवा होता. वरिष्ठाने त्रास दिला तर पहिल्या फेरीवरच्या कॅडेटला महिनोन्‌महिने बोट सोडून जाता येत नाही.

मुलाला एवढं सांगा : नवं काँट्रॅक्ट घेण्याआधी सर्टिफिकेटची मुदत तपासायची, आणि कोर्स नौवहन महासंचालनालयाची मान्यता असलेल्या संस्थेतच करायचा. हजर न राहता कागद मिळवून देणाऱ्या एजंटाच्या दारात मात्र उभं राहू नये.