टर्मिनलमध्ये सोडायला जाता येईल का?

प्रश्न : आई पहिल्यांदाच एकटी विमानाने पुण्याला चाललीय. नागपूर विमानतळावर तिला आतपर्यंत सोडता येईल का? – एक वाचक, नाकाडोंगरी, ता. तुमसर

उत्तर : तुमसर रोड स्थानकासारखं प्लॅटफॉर्म तिकीट काढून आत जाता येईल, असं गृहीत धरू नका. दारावरचा सीआयएसएफचा जवान तिकीट आणि ओळखपत्र पाहूनच आत सोडतो. काही विमानतळांवर अभ्यागत पास मिळतो. पण २६ जानेवारी, १५ ऑगस्टच्या सुमारास सुरक्षेपायी तोही बंद होतो. आईला चालायला त्रास होत असेल, तर किमान ४८ तास आधी विमान कंपनीकडे व्हीलचेअर मागा. कर्मचारी तिला विमानापर्यंत नेतो. तिकिटाची छापील प्रत आणि मूळ आधारकार्ड तिच्या हातात द्या, आणि उड्डाणाच्या दोन तास आधी पोहोचा.