जर्सी बदलायची ती कधी?

परभणीत जर्सी छापण्याचं दुकान चालवणारे एक मामा आणि कृषी विद्यापीठात शिकणारी, फुटबॉल खेळणारी त्यांची भाची यांच्यातलं हे बोलणं. मामांची उमेदीची काही वर्षं कोल्हापुरात गेली. त्यामुळे दुकानात ऑर्डरी क्रिकेटच्या आणि गप्पा मात्र फुटबॉलच्या, असा प्रकार.

भाची : मामा, स्पर्धेवाल्यांचा मेसेज आलाय. प्रत्येक संघानं दोन रंगांच्या जर्सी आणायच्या म्हणे. एकीचीच वर्गणी गोळा करताना नाकी नऊ आले. आता दुसरी कशाला?

मामा : तुमचा रंग कोणता?

भाची : लाल.

मामा : समोरचा संघही लाल घालून आला तर पास कुणाला देशील? पळताना कुणी चेहरे बघत नाही. डोळ्याच्या कोपऱ्यात रंग हलतो आणि पाय त्या दिशेला जातो. फुटबॉलचा चौथा नियमच पोशाखाचा आहे. दोन्ही संघांचे रंग एकमेकांपासून वेगळे ओळखू यायला पाहिजेत, पंचांपासूनही वेगळे. गोलकीपर तर सगळ्यांतून उठून दिसला पाहिजे.

भाची : आणि दोन्ही गोलकीपर एकाच रंगात आले तर?

मामा : दोघांकडेही दुसरा शर्ट नसेल, तर पंच सामना खेळवतात. तशी सूटच आहे नियमात. दोघं मैदानाच्या दोन टोकांना उभे, गोंधळ व्हायचा कसा?

भाची : म्हणजे २०१९ च्या वर्ल्डकपला आपली क्रिकेट टीम इंग्लंडविरुद्ध नारंगी जर्सीत आली, ते याच्यासाठीच?

मामा : याच्यासाठीच. दोघांचाही निळा. इंग्लंड यजमान, त्यांनी आपला ठेवला, आपण बदलला. ३१ धावांनी हरलो आणि लोक आठ दिवस जर्सीला शिव्या देत बसले. फुटबॉलमध्येही आता पाहुणाच बदलतो. पण इंग्लंडच्या लीगमध्ये आधी उलटं होतं. रंग जुळले तर घरच्या संघानं बदलायचं. १९२१ पासून ते पाहुण्यावर ढकललं. मला जुनी रीत जास्त सभ्य वाटते, पण तिकीट काढून आलेल्या माणसाला आपला संघ आपल्याच रंगात बघायचा असतो, हेही खरंच.

भाची : पण प्रोफेशनल संघांना असला घोळ कशाला होईल? त्यांच्याकडे माणसं असतात ना हे बघायला.

मामा : १९७८ चा वर्ल्डकप, अर्जेंटिनात. मार देल प्लाता नावाच्या गावी फ्रान्स आणि हंगेरी. दोन्ही संघ पांढऱ्या जर्सी घेऊन हजर, दुसरा संच कुणाकडेच नाही. सामना खोळंबला. शेवटी किंबर्ली नावाच्या तिथल्या एका क्लबच्या हिरव्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांच्या जर्सी मागून आणल्या आणि फ्रान्स त्या घालून खेळलं. काहींच्या पाठीवर एक नंबर आणि चड्डीवर दुसराच. जिंकले मात्र, ३-१.

भाची : मग आम्हीही कुणाच्या तरी मागून आणू.

मामा : तुमच्यासाठी स्पर्धा खोळंबणार नाही, माय. बरं, समोर कोण आहे?

भाची : पहिल्या सामन्यात हिरव्या जर्सीवाल्या. लाल विरुद्ध हिरवा. तिथं तर काही अडचण नाही.

मामा : थांब. हा लाल कापडाचा तुकडा, हा हिरवा. दोन्ही टेबलावर ठेव, मोबाइलनं फोटो काढ आणि त्यातला रंग काढून टाक, काळा-पांढरा कर. काय दिसतं?

भाची : अगं बाई! दोन्ही सारखेच करडे.

मामा : लाल-हिरव्यातला फरक ज्याला कळत नाही, त्याची अडचण साधारण अशीच. युरोपातल्या पुरुषांत बारामागे एकाला हा दोष असतो, बायकांत दोनशेत एखादीला. २०१८ च्या वर्ल्डकपचा पहिलाच सामना रशिया विरुद्ध सौदी अरेबिया होता. रशिया लाल, सौदी हिरवे. टीव्हीसमोरच्या कितीतरी लोकांनी तक्रार केली, की कोण कुणाचा ते कळेना. रशियानं पाच गोल मारले, ते कुणी मारले हेही त्यांना समालोचकाकडूनच कळलं असणार. म्हणून माझ्याकडे दोन संघांची ऑर्डर एकदम आली की मी हा फोटो काढतो. एक गडद, एक फिका पाहिजे. रंगाचं नाव काय ते मग बघू.

भाची : पूर्वी टीव्हीच काळा-पांढरा होता, तेव्हा तर सगळ्यांचेच हाल.

मामा : म्हणून तर मला १९८६ चा अर्जेंटिना–इंग्लंड सामना अजून डोळ्यापुढे दिसतो. इंग्लंड पांढरं, अर्जेंटिना गडद निळं. दूरदर्शनच्या त्या धुरकट पडद्यावरही सगळं स्वच्छ. त्या निळ्या जर्सीची गोष्ट माहितीय का तुला?

भाची : मॅराडोनाची? हातानं मारलेला गोल, एवढंच माहितीय.

मामा : गोल नंतर. आधी कापड बघ. अर्जेंटिनाच्या घरच्या आकाशी-पांढऱ्या जर्सी हलक्या, हवा खेळणाऱ्या होत्या. बाहेरची निळी मात्र जाड सुती. आधीच्या फेरीत ती घालून उरुग्वेशी खेळले, तर घामापावसानं भिजून अंगावर ओझं झालं. पुढचा सामना भर दुपारी बारा वाजता, मेक्सिको सिटीत, समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटर उंचीवर. प्रशिक्षक बिलार्दो हटून बसले, ही जर्सी नको. कंपनीकडून नवीन यायला वेळ नाही. मग संघाचा माणूस पाठवला बाजारात. त्यानं शहरातल्या दुकानांतून दोन प्रकारच्या निळ्या जर्सी आणल्या. कुठली घ्यायची यावर खल चालू होता, तेवढ्यात मॅराडोना आला, एकीकडे बोट दाखवलं आणि विषय संपला.

भाची : आणि नंबर?

मामा : तेच तर! संघाचं चिन्ह घाईघाईत शिवून लावलं. नंबर मिळाले ते अमेरिकन फुटबॉलचे, चंदेरी, चकचकीत. इस्त्रीनं चिकटवले. मी हीट प्रेसवर नंबर मारताना दर वेळी तो माणूस आठवतो. उद्या वर्ल्डकपची क्वार्टर फायनल आणि आज हा इस्त्री घेऊन बसलेला! त्या जर्सीत मॅराडोनानं चार मिनिटांच्या अंतरानं दोन गोल मारले, एक हाताचा आणि एक अर्धं मैदान कापून. २०२२ मध्ये ती जर्सी लिलावात सुमारे ७१ लाख पौंडांना गेली.

भाची : बाजारातली जर्सी!

मामा : बाजारातली. तर बदलायचं एक कारण हे, अंगाला त्रास होतो म्हणून. परभणीत मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो, तिथं हे मी तुला वेगळं सांगायला नको.

भाची : मग अंगाच्या त्रासाचंच निघालंय तर एक सांगू? मामीजवळ बोलणार होते, पण छापणार तुम्हीच. आम्हाला पांढऱ्या शॉर्ट्स नकोत. मागच्या वेळी होत्या. पाळी असली की सगळं लक्ष मागेच. दोघी तर खेळायलाच आल्या नाहीत.

मामा : मग आधी बोलायचं ना! काळ्या करू.

भाची : आमच्याच डोक्यातलं खूळ नाही हे. मँचेस्टर सिटीच्या महिला संघानं २०२२ मध्ये पांढऱ्या शॉर्ट्स सोडायचं जाहीर केलं. इंग्लंडच्या महिला संघानं २०२३ मध्ये पांढऱ्याच्या निळ्या केल्या. त्याच वर्षापासून टेनिसच्या विम्बल्डननंसुद्धा मुलींना आत गडद रंगाची चड्डी घालायला परवानगी दिली, आणि ते तर पांढऱ्याचे किती कट्टर.

मामा : हे मला माहीत नव्हतं. बघ, शंभर-सव्वाशे वर्षं पांढरी हाफ पँट चालू आहे, पण ठरवणाऱ्यांत बाई नसली की कुणाला सुचणार? असलं कारण असेल तर सीझन संपायची वाट बघायची नसते. अर्ध्या सामन्यातही बदलावं.

भाची : अर्ध्या सामन्यात कुणी बदललंय?

मामा : मँचेस्टर युनायटेडनं. एप्रिल १९९६, साउदॅम्प्टनच्या मैदानावर. करड्या रंगाची बाहेरची जर्सी होती. हाफ टाइमला ३-० नं मागे. त्यांचे मॅनेजर फर्ग्युसन, त्यांनी सगळ्यांना जर्सी काढायला लावली आणि दुसऱ्या हाफला निळे-पांढरे होऊन आले. म्हणे खेळाडूंना गर्दीच्या पार्श्वभूमीवर एकमेक दिसत नव्हते. हरले ते हरलेच, ३-१. पण त्या करड्या जर्सीत युनायटेड पाच सामने खेळलं आणि एकही जिंकलं नाही, हेही खरं. बहाणा होता का? थोडा असेल. लोक हसले फर्ग्युसनला. मी नाही हसत. करडा रंग लांबून कसा गायब होतो ते मी रोज बघतो.

भाची : पण मामा, हे सगळं अडचणीचं झालं. नुसता रंग आवडत नाही म्हणून बदलला तर? नवीन मालक आला, त्याला वाटलं…

मामा : कार्डिफ सिटी. वेल्सचा संघ, निळा, टोपणनावच ब्लूबर्ड्स. २०१२ मध्ये मलेशियाचे मालक व्हिन्सेंट टॅन यांनी तो लाल केला. लाल शुभ म्हणून, आशियात खपेल म्हणून. आता गंमत बघ. लाल जर्सीतच संघ २०१३ मध्ये पहिला येऊन प्रीमियर लीगमध्ये गेला. जिंकल्यावर लोक विसरतील असं वाटलं असेल. नाही विसरले. निळे मफलर घेऊनच येत राहिले. जानेवारी २०१५ मध्ये टॅननी निळा परत दिला.

भाची : आपल्याकडे असं झालं का कधी?

मामा : आपल्याकडे रंग बदलण्याआधी संघच बंद पडतो. २०१४ ला आयएसएल ही आपली फुटबॉल लीग सुरू झाली, तेव्हा पुण्याचा एफसी पुणे सिटी नारंगी-जांभळा होता. २०१९ मध्ये तो गुंडाळला आणि त्याच्या जागी हैदराबाद एफसी आला, पिवळा-काळा. बालेवाडीत नारंगी घालून ओरडणाऱ्या पोरांनी त्या जर्सीचं काय करायचं? त्याच वर्षी मँचेस्टर सिटीवाल्या सिटी फुटबॉल ग्रुपनं मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा घेतला. मुंबई आधीपासूनच आकाशी, मँचेस्टर सिटीही आकाशी, म्हणून तिथं तंटा झाला नाही. मेलबर्नमध्ये मात्र याच ग्रुपनं २०१४ मध्ये मेलबर्न हार्ट घेतला, तेव्हा नाव गेलं आणि लाल-पांढरे पट्टेही गेले. कोलकात्यात बघ. २०२० मध्ये एटीके आणि मोहन बागान हे दोन क्लब एकत्र आले. मोहन बागानचे हिरवा आणि मरून हे रंग राहिले, तरी नावापुढे एटीके लागलं म्हणून लोक तीन वर्षं भांडले. २०२३ ला चषक जिंकला त्याच दिवशी मालकांनी एटीके काढत असल्याचं जाहीर केलं. नावासाठी एवढं, तर रंगाला हात लावला असता तर काय झालं असतं?

भाची : कोल्हापुरात?

मामा : पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, ही तालमी-मंडळांची पोरं शाहू स्टेडियमवर उतरतात तेव्हा मागे अख्खी पेठ असते. तिथं रंग बदलायचा म्हणजे पेठेला विचारल्याशिवाय कुणाची टाप नाही. पेठवाले खरे मालक. पैसे भरणारा हा भाडेकरू असतो, असं माझं मत. तुझ्या त्या मोठ्या क्लबवाल्यांना पटणार नाही.

भाची : मग रंग कधीच बदलू नये?

मामा : ब्राझील बदललं की. आधी ते पांढऱ्यात खेळायचे. मग १९५० मध्ये आपल्याच माराकाना स्टेडियमवर उरुग्वेकडून २-१ नं हरले, वर्ल्डकप गेला, सगळा देश सुतकात. पांढरी जर्सी नकोशी झाली. पण बदल कसा केला बघ. एका वर्तमानपत्रानं खुली स्पर्धा लावली, झेंड्यातले चारही रंग आले पाहिजेत अशी अट. जिंकला उरुग्वेच्या सीमेजवळचा एकोणीस वर्षांचा पोरगा, अल्दिर श्ली. त्याची पिवळी जर्सी १९५४ पासून अंगावर आली. आणि हा पठ्ठ्या स्वतः उरुग्वेचाच चाहता होता म्हणे! पण लोकांना विचारून बदलली ना, मग लोकांनी ती छातीला लावली.

भाची : आणि हे दर वर्षी नवीन जर्सी काढतात, ते? माझा भाऊ मागच्या वर्षीची घालायला लाजतो.

मामा : तो धंदा आहे, त्याला दुसरं नाव नाही. घरची, बाहेरची, तिसरी. दर वर्षी तीन. कॉलरची पट्टी इकडची तिकडे केली की झाली नवीन. मीही धंदाच करतो, म्हणून मला दिसतो. ब्रेंटफर्ड नावाच्या लंडनच्या क्लबनं २०२१ मध्ये सांगितलं, घरची जर्सी दोन सीझन तीच राहील, लोकांचे पैसे वाचतील. प्रीमियर लीगमध्ये असून. मला ते आवडलं. कापड फाटलं, रंग उडाला, तर बदला. सब्लिमेशनची छपाई तर सहजी उडतही नाही. कागदावरची शाई दोनशे अंशांच्या आसपास वाफ होऊन पॉलिस्टरच्या धाग्यात शिरते, वर थर बसतच नाही. मग दर जूनला नवीन कशासाठी?

भाची : मग आमचं काय ठरलं?

मामा : लाल आहे ती घरची. दुसरी फिकी पिवळी, फोटोत दोन्ही वेगळ्या दिसतील. शॉर्ट्स दोन्हींवर काळ्याच, म्हणजे एकच संच शिवायचा, तेवढे पैसे वाचले. पाठीवर नावं छापू नका, फक्त नंबर. नाव छापलं की पुढच्या वर्षी ती जर्सी दुसऱ्या पोरीच्या कामाची नाही.

भाची : ज्यांनी पैसे दिलेत त्या दुकानदारांना नाव छातीवर मोठं पाहिजे. अगदी गळ्यापासून पोटापर्यंत.

मामा : एका ओळीत देऊ. आणि रंग त्यांना विचारू नकोस. साइजची यादी संध्याकाळपर्यंत दे, नंबरसकट.

भाची : दहा नंबर दोघींना पाहिजे.

मामा : ते तुमच्या कोचला मिटवू दे. मी दोन दहा छापत नसतो.