फाशी : मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा



आपल्या माणसाचा खून झाला की आपल्या मोर्च्यात पहिली घोषणा कोणती उठते? "मारेकऱ्यांना फाशी द्या!" २००६ साली खैरलांजीच्या निषेधार्थ महाराष्ट्रभर समाज रस्त्यावर आला तेव्हाही हीच घोषणा होती. तिच्यामागचा संताप शंभर टक्के खरा होता. परंतु तीच माणसे विहारात वंदनेला बसतात तेव्हा पंचशीलातील पहिले शील ग्रहण करतात, प्राणिहिंसेपासून अलिप्त राहण्याचे. या दोन गोष्टी एकाच तोंडात बसतात काय? आमच्या जत भागात वर्षावासात ग्रंथवाचन चालते तेव्हा शिकलेली मुले हा प्रश्न हमखास विचारतात. "धम्म वेगळा आणि आंदोलन वेगळे" असे सांगून त्यांना गप्प बसवणारेही काही आहेत. हे उत्तर मला मान्य नाही. बाबासाहेबांनी आपल्याला दिलेला धम्म देव्हाऱ्यात ठेवण्याचा नव्हे.

प्रथम बाबासाहेब स्वतः काय म्हणाले ते पाहू. दिनांक ३ जून १९४९ रोजी घटना समितीत सर्वोच्च न्यायालयाच्या अधिकारांवर चर्चा चालू होती. देहदंड झालेल्या प्रत्येकाला सर्वोच्च न्यायालयात अपील करता यावे, अशी काही सभासदांची मागणी होती. त्यावर बाबासाहेबांनी आपले मत सांगितले की, अपिलाची वाट रुंद करण्यापेक्षा फाशीची शिक्षाच रद्द करणे मला अधिक पसंत पडेल. कारणही त्यांनी दिले. या देशातील लोक अहिंसेचे तत्त्व मानतात. आचरणात ते उतरत नसेल, तरी नैतिक आज्ञा म्हणून ते मान्य आहे. तेव्हा या देशाला शोभणारी गोष्ट म्हणजे देहदंड काढून टाकणे. धर्मांतराच्या सात वर्षे आधीचे हे बोल आहेत, आणि तेही कायदेपंडिताच्या नात्याने, भर सभागृहात. आपल्या भाषणांतून ते क्वचितच ऐकू येतात, याचे मला नवल वाटते.

आता दुसरी बाजू लपवून चालणार नाही. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सिंह सेनापतीचा प्रसंग आहे. सेनापती विचारतो, तथागत अहिंसा सांगतात, मग गुन्हेगाराला शिक्षा करणे चूक काय? तथागतांच्या उत्तराचा मतितार्थ असा की, जो शिक्षेस पात्र आहे त्याला शिक्षा झालीच पाहिजे. तो जे भोगतो ते न्यायाधीशाच्या द्वेषामुळे नव्हे, आपल्या कर्मामुळे. फाशीचे समर्थन करणारे बंधू याच प्रसंगाकडे बोट दाखवतात. परंतु या प्रसंगातून शिक्षा सिद्ध होते, फास सिद्ध होत नाही. त्याच ग्रंथात अहिंसेचा विचार करताना बाबासाहेबांनी एक भेद केला आहे. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज या दोन वेगळ्या गोष्टी होत. अहिंसा हे तत्त्व आहे, नियम नव्हे. नियम माणसाला बांधतो. तत्त्व त्याला विचार करायला लावते.

हाच मापदंड फाशीला लावून पाहा. दरोडेखोर सुरा घेऊन अंगावर आला आणि झटापटीत मेला, तर तेथे गरज होती असे म्हणता येईल. परंतु फाशीचा कैदी अंगावर येत नसतो. तो वर्षानुवर्षे चार भिंतींत, पहाऱ्यात असतो. त्याच्यापासून समाजाचे रक्षण आधीच झालेले आहे. मग पहाटे उठवून त्याला मारण्यात गरज कोणती उरली? उरते ती इच्छाच. तिच्या मागे न्यायालयाचा शिक्का असतो एवढाच फरक.

अंगुलिमालाची कथा लहान पोरांनाही पाठ आहे, पण ती आपण अर्धीच सांगतो. मज्झिम निकायात राजा पसेनदी घोडदळ घेऊन त्याच्या शोधात निघालेला आहे, आणि तथागत त्याला समोर बसलेला भिक्खू दाखवतात. राजा नमस्कार करून परत फिरतो. येथे कथा थांबवली म्हणजे ऐकणाऱ्याला वाटते, सुटला! पण पुढे काय झाले? भिक्षेला गेलेल्या अंगुलिमालावर ढेकळे, काठ्या, खापऱ्या पडतात. डोके फुटते, रक्त वाहते, चीवर फाटते. तथागत त्याला सांगतात, सहन कर. कर्माचे फळ तू येथेच भोगतो आहेस. त्याने मारलेल्या माणसांचे आप्त त्या गावांतच राहत होते, हे कथा विसरत नाही. जीव वाचला, हिशेब चुकला नाही.

सम्राट अशोकाचेही खरे तेच सांगावे. त्याने देहदंड बंद केला नव्हता. चौथ्या स्तंभलेखाप्रमाणे त्याने वधाची शिक्षा झालेल्यांना तीन दिवसांची मुदत दिली, ती नातेवाईकांना रदबदली करता यावी म्हणून. तीन दिवस थोडेच. परंतु निकाल चुकू शकतो याची जाणीव त्या तीन दिवसांत आहे.

निकाल किती चुकू शकतो याचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात घडले. जून २००३ मध्ये नाशिकजवळ शेतावरील एका झोपडीत पाच जणांची हत्या झाली, बलात्कारही झाला. गुन्हा भयंकर होता. भटक्या जमातीतील सहा गरीब मजूर पकडले गेले. सत्र न्यायालयाने २००६ साली सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची कायम केली, तिघांना जन्मठेप दिली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही पुन्हा फाशीच दिली. म्हणजे देशातील सर्वांत वरच्या न्यायासनाने सहा फास मोजून दिले. पुढे तो निकाल मागे घेऊन पुन्हा सुनावणी झाली, आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. वाचलेल्या साक्षीदार बाईने सुरुवातीलाच पोलिसांच्या फोटोंतून चार वेगळ्याच माणसांना ओळखले होते. त्या दिशेने तपासच झाला नव्हता. या सहांपैकी एक जण घटनेच्या वेळी अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील होता. सोळा वर्षे तुरुंगात गेली. शासनाने प्रत्येकी पाच लाख रुपये द्यावेत असा हुकूम झाला. २००९ नंतर घाईने फास आवळला असता, तर ते पाच लाख कोणाच्या हातावर ठेवले असते?

१९८० च्या बच्चनसिंग निकालापासून फाशी "दुर्मिळातील दुर्मिळ" प्रकरणातच द्यावी असे ठरले आहे. नव्या भारतीय न्याय संहितेतही, १ जुलै २०२४ पासून, खुनाला मृत्युदंड किंवा जन्मठेप हीच तरतूद राहिली. पण दुर्मिळ कोण ठरतो? दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ साली फाशीच्या कैद्यांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात जवळजवळ तीन-चतुर्थांश कैदी आर्थिकदृष्ट्या दुबळे निघाले. ज्याच्याकडे चांगला वकील नाही, त्याचे प्रकरण लवकर दुर्मिळ होते.

येथे तुम्ही मला अडवाल, आणि अडवावेच. "गुरुजी, क्षमा आम्हीच का करावी? खैरलांजीत आमची चार माणसे मारली. भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ साली सहा जणांना फाशी दिली, आणि २०१० साली नागपूर खंडपीठाने ती पंचवीस वर्षांच्या कैदेवर आणली. दया नेमकी तेथेच कशी आठवली?" हा प्रश्न हलका नाही. भैयालाल भोतमांगे जानेवारी २०१७ मध्ये गेले; त्यांना अहिंसेवर प्रवचन देण्याचा अधिकार कोणाला होता?

तरीही त्या निकालात आपला घात नेमका कोठे झाला ते नीट पाहा. सहा जीव वाचले, तेथे तो झाला नाही. दोन्ही न्यायालयांनी या हत्याकांडामागे जात नाही असे ठरवले आणि अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू केला नाही, तेथे झाला. फाशी कायम राहिली असती, तरी हे वाक्य निकालपत्रात तसेच राहिले असते. सहा माणसे लटकली असती आणि जात मोकळी सुटली असती. आपण फासावर डोळे लावून बसलो, आणि खरी लढाई कलमांत हरलो.

शिवाय ही घोषणा आपल्या एकट्याची नाही. २०१६ च्या जुलैत कोपर्डीत एका मराठा मुलीवर अमानुष अत्याचार होऊन तिचा खून झाला. तिला न्याय मिळालाच पाहिजे होता. आरोपी दलित होते. पुढे जे लाखालाखांचे मोर्चे निघाले, त्यांत गुन्हेगारांना फाशी द्या आणि ॲट्रॉसिटी कायदा बदला या मागण्या एकाच निवेदनात आल्या. संतापाची गर्दी फास मागू लागते तेव्हा तो तीन गळ्यांपाशी थांबत नाही, अख्ख्या वस्तीकडे पाहू लागतो. अल्पसंख्य समाजाने तरी हे ओळखायला हवे.

१९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यातच एक तरतूद आहे. खोट्या पुराव्यामुळे अनुसूचित जाती-जमातीचा निरपराध माणूस फाशी गेला, तर तो पुरावा रचणाऱ्याला मृत्युदंड. तरतुदीतल्या मृत्युदंडाला माझा विरोधच आहे. पण असे घडू शकते, हे संसदेलाही ठाऊक होते याचा हा लेखी दाखला.

मग मोर्च्यात मागायचे काय? फिर्याद नोंदवतानाच अत्याचार प्रतिबंधक कायद्याची कलमे लागली की नाही ते पाहायचे. तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडेच असला पाहिजे, दोषारोपपत्र साठ दिवसांत गेले पाहिजे; हे नियमातच आहे, कोणाची मेहेरबानी नव्हे. जातीच्या द्वेषाने केलेला खून सिद्ध झाला तर जन्मठेप टळत नाही. आमच्या तालुक्यातील खुनाचा खटला सांगलीच्या सत्र न्यायालयात चालतो. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात बसू लागले, त्यामुळे अपिलासाठी मुंबई गाठावी लागत नाही, हा मोठाच दिलासा. पण सांगलीचे अंतर आहे तेवढेच आहे. उमदी-संखकडच्या मजुराला साक्षीला जायचे तर दिवस मोडतो. दोन तारखा पडल्या की साक्षीदार कंटाळतो, तिसऱ्या तारखेला तो ऊसतोडीला गेलेला असतो. आरोपी सुटतात ते बहुधा येथे. साक्षीदाराला प्रवासखर्च आणि किमान मजुरीइतका दैनिक भत्ता द्यावा, असे या कायद्याच्या अकराव्या नियमात लिहिले आहे. तो अर्ज कसा करावा हे आपल्या प्रत्येक शाखेत निदान दोघांना तरी आले पाहिजे, आणि तारखेच्या आदल्या संध्याकाळी साक्षीदाराच्या दारात कोणीतरी उभे राहिले पाहिजे.