प्रा. फक्रुद्दीन बेन्नूर

आपल्या वर्गाचा हजेरीपट एकदा नीट पाहा. बागवान, तांबोळी, अत्तार, शिकलगार, मोमीन, मणियार अशी आडनावे त्यात असतील. या आडनावांतून वाडवडिलांचे धंदे कळतात. बागवान फळे व भाजी विकत, मोमीन मागावर कापड विणत, शिकलगार हत्यारांना धार लावत. नमाजाला हे सारे एकाच रांगेत उभे राहतात. पण मुलांना शाळेत घालण्याची वेळ आली की प्रत्येक घराची अडचण वेगळी असते.

या अडचणींचा शोध घेणारे एक अभ्यासक सोलापुरात होऊन गेले. ते म्हणजे प्रा. फक्रुद्दीन बेन्नूर. सोलापूरच्या संगमेश्वर महाविद्यालयात ते राज्यशास्त्र शिकवत. पण वर्गातला विषय एवढ्यावर ते थांबले नाहीत. भारतातील मुसलमान समाज कसा घडला, हे समजून घेण्यात त्यांनी आयुष्य वेचले. ‘भारतीय मुसलमानांची मानसिकता आणि समाजरचना’ हे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध आहे.

‘मुसलमान सगळे सारखेच’ असे पुष्कळ लोक म्हणतात. आपल्यातलेही म्हणतात! बेन्नूर सरांना हे पटत नसे. धर्म एक असला तरी प्रांत, भाषा, धंदा आणि बिरादरी यांमुळे माणसांचे जगणे बदलते, असे ते दाखवून देत. (‘बिरादरी’ या शब्दाचा अर्थ तुम्हांला सांगायला नकोच.) मागास मुस्लिम बिरादऱ्यांना शिक्षणात व नोकरीत सवलती मिळाव्यात, या चळवळीतही ते होते.

आकडेही हेच सांगतात. २००१ च्या जनगणनेत देशातील मुसलमानांपैकी ५९.१ टक्के लोक साक्षर होते. महाराष्ट्रातील मुसलमानांत मात्र हे प्रमाण ७८.१ टक्के होते, म्हणजे राज्याच्या एकूण साक्षरतेपेक्षा थोडे जास्तच. मग शिक्षणात मागे राहण्याचे कारण धर्म कसे म्हणावे? मुसलमान मुले मदरशांतच शिकतात, हाही असाच एक समज. न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांच्या समितीने २००६ साली अहवाल दिला. त्यातून दिसले, की शिकणाऱ्या शंभर मुसलमान मुलांतील जेमतेम चार मुले मदरशात शिकतात. बाकीची तुमच्यासारखीच शाळेत जातात. मात्र वरच्या वर्गांत गळती फार, आणि तिच्यामागे गरिबी हे मोठे कारण.

बेन्नूर सरांनी हे विचार मराठीत मांडले. शेजाऱ्याचा गैरसमज दूर करायचा, तर शेजाऱ्याच्या भाषेतच बोलावे लागते. मुस्लिम मराठी साहित्याच्या चळवळीचे ते एक आधारस्तंभ होते. या चळवळीचे पहिले संमेलन १९९० साली सोलापुरातच भरले. फ. म. शहाजिंदे त्याचे अध्यक्ष होते.

१७ ऑगस्ट २०१८ रोजी बेन्नूर सरांचे निधन झाले.

आज घरी गेल्यावर दादीजानला किंवा नानीजानला विचारा : आपल्या घराण्याचा मूळ धंदा कोणता होता? घरातून सर्वांत आधी शाळेत कोण गेले, आणि कोणाला शाळा सोडावी लागली? मिळालेली उत्तरे मराठीत पाच-सहा वाक्यांत लिहून आणा.