भाचीस, मुलाखतीपूर्वी

चि. भाचीस अनेक उत्तम आशीर्वाद.

या मायन्यात ‘सौ. कां.’ ही अक्षरे मुद्दाम गाळली आहेत. सौभाग्यकांक्षिणी, म्हणजे सौभाग्याची इच्छा धरणारी, ही उपाधी नावाआधी लागली की मुलीच्या शिक्षणाआधी तिचे लग्न मोजले जाते, आणि अभियंत्याच्या जागेसाठी मुलाखत घेणारे ‘लग्न कधी?’ असे विचारतात तेव्हा टेबलापलीकडून हाच मायना वाचला जात असतो.

त्या प्रश्नामागे धारणा अशी असते की स्त्री रात्रपाळी करणार नाही, साइटवर राहणार नाही, प्रसूतीच्या रजेनंतर परतणार नाही. म्हणून उत्तर लग्नाविषयी न देता कामाविषयी द्यावे आणि पाळी व फिरतीच्या अटी शांतपणे विचारून घ्याव्यात, म्हणजे पुरुषालाही विचारता येईल एवढाच प्रश्न उरतो. घरच्यांच्या पाठिंब्याची हमी मात्र देऊ नये, कारण ती पुरुषाकडे कोणी मागत नाही. नोकरीची निकड असल्यास सरळ उत्तर देऊन पुढे जाण्यात कमीपणा नाही. लाज विचारणाऱ्याने बाळगायची आहे.

1976 च्या समान वेतन कायद्याने भरतीतील लिंगभेदास मनाई केली आणि 2019 च्या वेतन संहितेतही ती आहे. नीरा माथुर खटल्यात 1991 साली सर्वोच्च न्यायालयाने आयुर्विमा महामंडळाच्या अर्जातील मासिक पाळी व गर्भधारणेविषयीच्या रकान्यांवर कठोर टीका केली. तरीही बंद खोलीतला भेदभाव सिद्ध करणे अवघड असते, म्हणून विचारलेले शब्द त्याच दिवशी तारखेसह लिहून ठेवावेत.

याहून सूक्ष्म पक्षपात तांत्रिक प्रश्नोत्तरांत असतो. प्रकल्पाविषयी बोलताना मुली ‘आम्ही केले’ म्हणतात. विनयाचे हे वळण घरात शोभते, पण ऐकणाऱ्याच्या मनात आधीच शंका असेल तर त्या ‘आम्ही’तले अवघड काम तो नकळत मुलग्यांच्या नावावर टाकतो. सर्किटची रचना कोणाची, कोडमधला दोष कोणी शोधला, दुरुस्तीनंतर वेग किती वाढला, हे प्रथमपुरुषी एकवचनात, आकड्यांसह सांगावे. बोलणे मध्येच तोडले गेले तर वाक्य पुन्हा उचलून पूर्ण करावे. ही सवय आरशासमोर लागत नाही. मैत्रिणीला समोर बसवून, तिला मुद्दाम अडवायला सांगून ती लावावी लागते.

शेवटी ‘काही विचारायचे आहे का?’ असे म्हटले जाते, तेव्हा संघात स्त्री अभियंत्या किती आहेत आणि रात्रपाळीनंतर घरी सोडणारी गाडी असते का, हे अवश्य विचारावे. निकाल काहीही लागो, त्या संध्याकाळी फोन यावा.

कळावे, हे आशीर्वाद.