काकांचा फोटू आणि माझा कागद

प्रोजेक्ट रिपोर्टमधलं 'युजर मॅन्युअल' आपण सगळेच सबमिशनच्या आदल्या रात्री लिहितो. मीही तसंच लिहायचो. २०२३ च्या पोळ्याला नांदेडहून गावी (औसा तालुका, जि. लातूर) गेलो आणि थोडी अक्कल आली.

पूर्वी गाव नमुना १२ मध्ये पिकाची नोंद तलाठी करायचे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली, आणि शेतकऱ्यानेच बांधावर जाऊन मोबाईलमधून पीक नोंदवायचं असं ठरलं. म्हणजे बदल नुसत्या स्क्रीनचा नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याने केलेलं काम आता काकांच्या हातात आलं होतं.

मी मोठ्या ऐटीत एक पानभर सूचना लिहून दिल्या. अमुक बटण दाबा, ओटीपी टाका, गट निवडा, फोटो काढा, माहिती साठवा. चार घरांत झेरॉक्स गेल्या. मी हॉस्टेलला परत.

आठवड्याने फोन केला. "काका, अपलोड झालं का?"

"आरं, फोटू काढला की. अपलोड कुठं लिहिलंस तू?"

खरंच नव्हतं लिहिलं! आमच्या शिवारात रेंज नाही. अशा वेळी माहिती फोनमध्येच राहते, गावात येऊन ती अपलोड करावी लागते. मी घरी वाय-फायवर बसून लिहिलं होतं, मला ती पायरी दिसलीच नाही. काकांचं त्याच दिवशी निभावलं. पण शेजारच्या एकांचा फोन मधेच रिसेट झाला होता, त्यांना पुन्हा चिखल तुडवत शेतात जावं लागलं. पुढे त्याच खरिपाच्या सोयाबीन-कापसाला हेक्टरी ५००० रुपये मदत जाहीर झाली तेव्हा सुरुवातीला ई-पीक पाहणीची नोंद हीच अट होती (नंतर ती शिथिल झाली). तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

मग कागद नव्याने लिहिला. स्क्रीनच्या क्रमाने नाही, जागेच्या क्रमाने: घरी काय, शेतात काय, रेंजमध्ये आल्यावर काय. 'निर्भेळ पीक' हा सरकारी शब्द काकांना अडला होता, तिथे लिहिलं, "नुसतं सोयाबीन असेल तर हे, मधे तुरीचं तास असेल तर मिश्र पीक." लोकांना सगळ्यात जास्त भीती चुकण्याची. २०२२ च्या सुधारित ॲपमध्ये ४८ तासांत स्वतः दुरुस्ती करता येत होती. पहिल्या कागदावर हे मी तळाला बारीक अक्षरात कोंबलं होतं, आता सगळ्यात वर घेतलं.

आणि शेवटची ओळ ठळक: "फोटो काढला म्हणजे काम झालं नाही. अपलोड झाल्याचं दिसेपर्यंत ॲप काढू नका."

हा कागद टाईप करण्याआधी काकांना मोठ्याने वाचायला लावला. ते दोनदा अडखळले, त्या दोन्ही ओळी मी खोडल्या.