शोधपट्टी आणि चाळणी

दिल्लीच्या पूर्वेला लागून असलेल्या गाझियाबाद शहराचे नाव मराठीत 'झ'ने लिहिण्याचा प्रघात आहे. हिंदीत ते 'ग' आणि 'ज' या दोन्ही अक्षरांखाली नुक्ता देऊन ग़ाज़ियाबाद असे, कित्येकदा एकच नुक्ता देऊन गाज़ियाबाद असे, आणि घाईत नुक्ता गाळून गाजियाबाद असेही लिहिले जाते. वाचणाऱ्या माणसाला ही चारही रूपे एकाच शहराची वाटतात. संगणकाला मात्र, त्याला मुद्दाम शिकविले नसल्यास, ती चार निरनिराळी गावे आहेत.

याचे कारण असे, की संगणक अक्षराचा आकार पाहत नाही. प्रत्येक अक्षराला दिलेल्या क्रमांकाशी क्रमांक ताडून पाहतो. त्यातही एक चमत्कारिक अडचण आहे. युनिकोड या सर्वमान्य पद्धतीत नुक्ता असलेला 'ज' एका क्रमांकाने लिहिता येतो, तसाच 'ज' आणि नुक्ता अशा दोन क्रमांकांनीही लिहिता येतो. पडद्यावर दोन्हींत तिळमात्र फरक दिसत नाही. एका कळफलकावर लिहिलेला शब्द दुसऱ्या कळफलकावर लिहिलेल्या त्याच शब्दाशी जुळत नाही, आणि शोधणाऱ्याला उत्तर मिळते: 'काहीही सापडले नाही.'

हे उत्तर वाचून मनुष्य शोधपट्टीला दोष देत नाही. ती वस्तू येथे नाहीच, असे समजून तो निघून जातो. ग्रंथालयात तर याची किंमत फार मोठी. १९६२ साली मराठी शुद्धलेखनाचे नवे नियम मान्य झाले आणि 'नांव', 'कांहीं' यांवरील अनुच्चारित अनुस्वार गेले; परंतु त्याआधीच्या ग्रंथांची नावे सूचीत जुन्या लेखनानुसारच नोंदलेली असतात. आजचा विद्यार्थी 'काही' असे लिहितो, आणि कपाटात असलेले पुस्तक त्याच्यापुरते नाहीसे होते.

तेव्हा शोधपट्टी तयार करणाऱ्याचे पहिले काम म्हणजे साठविलेला मजकूर आणि विचारलेला शब्द या दोहोंना ताडण्यापूर्वी एकाच साच्यात आणणे. नुक्ता, अनुस्वार, 'पण्डित' आणि 'पंडित' यांसारखे भेद तेथे मिटवावेत. मात्र सर्वच भेद मिटविणे शहाणपणाचे नाही. 'काल' आणि 'काळ', 'दिन' आणि 'दीन' हे वेगळे शब्द आहेत. म्हणून तंतोतंत जुळणाऱ्या नोंदी आधी दाखवाव्यात व जवळपासच्या त्यांच्या खाली. मराठीत आणखी एक पेच विभक्तीचा. 'विहीर' शोधणाऱ्याला 'विहिरीत' आणि 'विहिरींचे' हेही हवे असते. केवळ शेवटची अक्षरे कापून हे साधत नाही, कारण मूळ शब्दातील 'ही'च येथे ऱ्हस्व होते.

लेखन जुळले तरी अर्थ जुळेलच असे नाही. गाझियाबादेत वैशाली आणि कौशांबी नावाच्या वसाहती असून २०११ साली तेथपर्यंत मेट्रो आली. पण वैशाली हा बिहारमधील जिल्हाही आहे, आणि कौशांबी हा प्रयागराजजवळचा. अशा वेळी पट्टीखाली 'वैशाली, गाझियाबाद' आणि 'वैशाली, बिहार' अशा दोन सूचना दिसाव्यात. निवड वाचकाने करावी.

येथून फिल्टरचा विषय सुरू होतो. (आपण त्याला चाळणी म्हणू, स्वयंपाकघरातला शब्द आहे, पण नेमका आहे.) चाळणीमागची कल्पना संगणकाहून जुनी आहे. मद्रासचे ग्रंथपाल शि. रा. रंगनाथन यांनी १९३३ साली प्रसिद्ध केलेल्या कोलन वर्गीकरणात प्रत्येक विषय एकाच फांदीवर टांगून न ठेवता त्याच्या निरनिराळ्या पैलूंनी ओळखला. भाड्याचे घर शोधणाऱ्यालाही हेच हवे असते. वसाहत, भाडे, खोल्या, मजला यांपैकी कोणत्याही पैलूपासून त्याला आरंभ करता आला पाहिजे. एकाच पैलूतील दोन पर्याय निवडले, उदाहरणार्थ वैशाली आणि इंदिरापुरम, तर त्यांपैकी कोठलेही घर चालेल. निराळ्या पैलूंतील अटी मात्र एकत्र लागू व्हाव्यात. प्रत्येक पर्यायापुढे किती घरे उरतील तो आकडा असावा. सर्व चाळण्या लावून काहीच उरले नाही, तर कोणती चाळणी काढल्यास किती मिळतील हे सांगावे, आणि वाचकाने लिहिलेला शब्द पट्टीतून पुसू नये. हा शेवटचा नियम किती ठिकाणी मोडला जातो, ते पाहून नवल वाटते.

स्थळाची चाळणी सोपी दिसते. तशी ती नाही. हापुडचेच उदाहरण घ्या. १९७६ साली गाझियाबाद जिल्हा झाला तेव्हा हापुड मेरठमधून त्यात आले, आणि २०११ साली त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला. जुन्या कागदपत्रांच्या संग्रहात 'जिल्हा' ही एकच चाळणी ठेवली, तर हापुडच्या अभ्यासकाला १९८० सालचा कागद सापडणार नाही. त्यासाठी प्रत्येक नोंदीत तेव्हाचा जिल्हा आणि आजचा जिल्हा असे दोन रकाने ठेवावे लागतात. आणि कागद १९७५ सालचा असेल, तर पहिल्या रकान्यात मेरठ लिहावे लागते.